कंगव्याला कागद चिकटेना: स्थितिक विजेचे घरगुती प्रयोग कुठे अडतात आणि काय तपासायचं

लक्षणं

“प्रयोग होत नाही” एवढ्यावर काही ठरवता येत नाही. नेमकं काय होत नाही ते आधी बघा. साधारण या तक्रारी असतात:

- कंगवा किंवा पाईप कितीही घासला तरी कागदाचा कपटा जागचा हलत नाही.
- एक-दोनदा छान जमतं, मग बंद पडतं.
- घरी जमलेला प्रयोग शाळेत, भरलेल्या वर्गात जमत नाही.
- कपटे कंगव्याकडे येण्याऐवजी टेबलालाच चिकटून बसतात.
- कपटा कंगव्याला चिकटतो आणि लगेच ताडकन उडून पडतो.
- फुगा भिंतीवर टेकवला की घसरून खाली येतो.
- पाण्याची धार वळत नाही.
- बाटलीतल्या विद्युतदर्शीची (प्रभार आहे का ते दाखवणाऱ्या साधनाची) पानं उघडतात आणि दोन-तीन सेकंदांत मिटतात.
- ताटलीतून ठिणगी निघत नाही.
- कूलर, फ्रिज किंवा नळाच्या तोटीला हात लावला की प्रत्येक वेळी झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण तुमच्या घरात असेल तर मधलं सगळं सोडून या लेखाचा शेवटचा भाग आधी वाचा. ती स्थितिक वीज नाही.

यातला उडून पडणारा कपटा मात्र बिघाड नाहीच. कपटा कंगव्याला टेकला की कंगव्याचा थोडा प्रभार त्याच्यावर जातो. दोघांवर एकाच जातीचा प्रभार आला की ते एकमेकांना ढकलतात. म्हणजे मुलानं आकर्षण आणि प्रतिकर्षण दोन्ही एका झटक्यात पाहिलं. १७३३ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल द्यू फे यांनी हेच पाहिलं होतं. घासलेल्या काचनळीला शिवून दूर पळणारा सोन्याचा वर्ख घासलेल्या राळेकडे मात्र ओढला जात होता. त्यावरून त्यांनी वीज दोन प्रकारची असते असं मांडलं. तेव्हा कपटा पडला म्हणून मुलाला थांबवू नका, तो का पडला ते विचारा. कागद अगदी कोरडा असेल तर तो प्रभार घ्यायला वेळ लावतो आणि बराच वेळ चिकटून राहतो. दोन्ही बरोबर आहे.

जोर लावू नका, गळती शोधा

प्रयोग फसला की मूल जास्त जोरानं घासतं, मोठी माणसंही “अजून घास” म्हणतात. त्यानं फारसा फरक पडत नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की प्रभार तयार होतोच, दहा-पंधरा वेळा घासणं पुरतं. अडचण असते ती तयार झालेला प्रभार टिकत नाही ही. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतलं तरी ती भरत नाही, तसं आहे हे. प्रभार हातातून जातो, पृष्ठभागावरच्या ओलाव्यातून जातो, तेलकट-खारट थरातून जातो, नाहीतर टोकदार कडेवरून हवेत जातो. पुढची प्रत्येक तपासणी यातली एकेक वाट बंद करण्यासाठी आहे. क्रम खर्चाचा आणि खटपटीचा आहे, म्हणून मधली पायरी गाळू नका.

१. हवा, आणि घरातला कूलर

ही तपासणी फुकट आहे. मोबाइलवर हवामान उघडून आर्द्रता बघा. ४० टक्क्यांच्या खाली असेल तर जवळजवळ सगळं सहज होतं. ४० ते ६० च्या मध्ये पाईप, फुगा, पाण्याची धार हे जमतं, काचेचे प्रयोग त्रास देतात. ६५ च्या वर गेली की साहित्य कोरडं करण्याची मेहनत घ्यावीच लागते.

या प्रयोगांसाठी मराठवाड्याची हवा वर्षातले बरेच महिने फार सोयीची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी तर बाहेरची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोग फसल्याच्या तक्रारी भरपूर येतात, आणि कारण बहुतेक वेळा खिडकीत बसवलेला कूलर असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून खोलीत सोडतो. मोबाइल २२ टक्के दाखवत असतो आणि खोलीत ७० असतात, कारण मोबाइलचा आकडा बाहेरचा आहे. कूलर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, अर्धा तास जाऊ द्या, मग प्रयोग करा. तेवढा धीर नसेल तर मुलांना घेऊन गच्चीच्या सावलीत किंवा ओसरीत बसा. एसीचं तसं नाही, तो हवेतलं पाणी काढून टाकतो, म्हणून तो चालू असला तरी चालतं.

भरलेल्या वर्गात प्रयोग न जमण्याचं कारणही हेच. चाळीस-पन्नास मुलांच्या श्वासातून आणि घामातून बंद खोलीत भरपूर बाष्प साठतं. प्रयोगाचं टेबल व्हरांड्यात घ्या. शिवाय बघायला जमलेली मुलं टेबलावर वाकून बोलतात तेव्हा त्यांचा ओला श्वास थेट पाईपवर येतो. हातभर अंतरावर उभं करा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची सांगितली जाते. दमट हवा स्वतः विजेची चांगली वाहक नसते. दमट हवेतलं पाणी वस्तूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं आणि प्रभार त्या थरातून सरकत तुमच्या हातापर्यंत पोचतो. म्हणूनच खोलीची हवा बदलता आली नाही तरी वस्तूचा पृष्ठभाग कोरडा ठेवून पावसाळ्यातही प्रयोग करता येतो.

२. हात, केस, तेल

पाईप एका टोकाला धरा आणि धरलेल्या जागेपासून दहा सेंटिमीटर सोडून पुढचाच भाग घासा. घासलेल्या भागाला बोट लागलं की तिथला प्रभार गेला, आणि बोटाचा घाम तिथे खारट ठसा सोडतो तो वेगळाच. “एकदा जमलं, मग बंद पडलं” या तक्रारीचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. प्रयोग चालू असताना वस्तू या हातातून त्या हातात जाते आणि दहा मिनिटांत सगळीकडे ठसे उमटलेले असतात. प्रत्येक मुलाला स्वतःचा पाईप द्या, किंवा पाईपाच्या धरायच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून “इथेच धरायचं” असं ठरवून द्या.

आपल्याकडे मुलांच्या डोक्याला खोबरेल तेल असतं. तेल लावलेल्या केसांवर कंगवा किंवा फुगा घासून काही होणार नाही. दोन पृष्ठभागांच्या मध्ये तेलाचा थर येतो आणि तो थर फुग्यालाही लागतो, मग तो फुगा दुसऱ्या कशावर घासूनही कामाचा राहत नाही. न्हालेल्या, पूर्ण वाळलेल्या केसांवर करा. शाम्पूनंतर कंडिशनर लावला असेल तर तेही केस टाळा, कारण केस उडू नयेत म्हणून प्रभार कमी करणारे पदार्थच त्यात घातलेले असतात. कपडे धुतल्यावर वापरतात ते मऊ करणारं सुगंधी द्रव लोकरीच्या किंवा टेरिकॉटच्या फडक्याला लागलं असेल तर त्याचाही परिणाम तोच.

३. कपटे आणि त्यांच्या खालचं टेबल

कपटे तीन-चार मिलिमीटरचे हवेत. वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा कागद चालतो, वहीचं जाड पान नको. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर कपटे ठेवू नका. हात घासला जाऊन त्या प्लास्टिकवरच प्रभार येतो आणि कपटे तिथेच धरून ठेवले जातात. स्टीलच्या ताटात ठेवा. धातूला टेकलेले कपटे प्रभार पटकन घेतात-देतात, त्यामुळे उड्या जास्त जोरात दिसतात. पंखा बंद करायला विसरू नका.

४. धुणं: बोअरच्या पाण्याचा थर

वस्तू मळली म्हणून साबणानं धुतली आणि त्यानंतर प्रयोग पूर्णच बंद पडला, असं पुष्कळदा होतं. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त असतं. पाईप वाळला की पांढुरका थर राहतो, कधी तो दिसतो, कधी नाही. हे क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि ओल्या क्षारांचा थर वीज वाहून नेतो. साबणाचा राहिलेला थरही तसाच.

उपाय स्वस्त आहे. धुऊन झाल्यावर शेवटचं पाणी आरओचं किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणतात त्या डिस्टिल्ड पाण्याचं घ्या. पेलाभर पुरतं. हे पाणी नवीन, सीलबंद कॅनमधलंच असावं. बॅटरीतून काढलेलं पाणी कधीही नको, त्यात आम्ल असतं. मग पाईप उभा टांगून वाळवा, टॉवेलनं पुसू नका.

घाई असेल तर मोठ्या माणसानं सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवावा. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून बहुधा ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन ओलावा ओढतं. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत जवळ गॅस, उदबत्ती, ठिणगीचा प्रयोग काही नको. बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा.

५. साहित्य खरंच तेच आहे का?

इतकं करूनही काही होत नसेल तर वस्तूच चुकीची असू शकते.

*स्ट्रॉ.* १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे. दुकानात आता कागदी स्ट्रॉ मिळतात. स्ट्रॉ टिश्यूनं घासून बाटलीच्या झाकणावर फिरवण्याचा जुना प्रयोग कागदी स्ट्रॉनं होत नाही. त्याऐवजी बॉलपेनची रिकामी प्लास्टिक नळी किंवा फिटिंगच्या पाईपचा तुकडा घ्या.

*पाईप.* इलेक्ट्रिक फिटिंगचा पांढरा किंवा करडा पीव्हीसी पाईप हे सर्वांत भरवशाचं साहित्य. २५ मिलिमीटर जाडीचा, ४०-५० सेंटिमीटर लांबीचा तुकडा कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या. कंगव्यापेक्षा त्याचा पृष्ठभाग मोठा असतो, प्रभार जास्त साठतो आणि लहान मुलांच्या हातात नीट बसतो. लाकडी कंगवा, कडुनिंबाचा कंगवा यांनी काम होत नाही.

*लोकर.* बाजारातले बहुतेक स्वेटर आणि मफलर अॅक्रिलिकचे असतात. त्यानं थोडंफार जमतं, पण खऱ्या लोकरीची सर नाही. खरी लोकर आपल्याकडे घोंगडीत सापडते. वापरून मऊ झालेली जुनी घोंगडी घ्या. कोरी घोंगडी खळीनं ताठ असते, तिचा स्पर्श पाईपला नीट होत नाही. हातभर तुकडा मिळाला तर उन्हात तापवून घ्या.

*रेशीम.* काच आणि रेशीम ही जोडी पुस्तकात असते आणि घरी हमखास फसते. काचेचा पृष्ठभाग ओलावा फार लवकर धरतो हे एक कारण. दुसरं म्हणजे रेशमी म्हणून घेतलेलं कापड बहुधा पॉलिएस्टर असतं. पैठणी-हिमरूच्या मुलखात राहून खरं रेशीम ओळखता यायला हवं. कडेचा एकच धागा मोठ्या माणसानं चिमट्यात धरून पेटवावा. रेशीम जळक्या केसांसारखा वास देतं आणि राख बोटानं चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. हिमरूत सूतही असतं, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

घासणारी वस्तू आणि घासली जाणारी वस्तू एकाच प्रकारची असेल, उदाहरणार्थ प्लास्टिकवर पॉलिएस्टर, तर प्रभार कमीच येतो. पाईप-लोकर, फुगा-केस या जोड्या एकमेकींपासून लांबच्या पदार्थांच्या आहेत, म्हणून चालतात. दोन्हींत प्लास्टिककडे आणि फुग्याकडे ऋण प्रभार येतो, लोकरीकडे आणि केसांकडे धन.

६. कोरडं करणं

जुलै-ऑगस्टमध्ये खरी गरज याची असते. पृष्ठभाग हवेपेक्षा थोडा गरम झाला की पाण्याचा थर उडतो आणि काही मिनिटं परत बसत नाही. ऊन असेल तर पाईप आणि लोकर अर्धा तास उन्हात ठेवा. ऊन नसेल तर केस वाळवायचा ड्रायर वीत-दीड वीत अंतरावरून एक-दोन मिनिटं फिरवा. हाताला कोमट लागलं की पुरे. पीव्हीसी साधारण ७०-८० अंशांना मऊ पडू लागतो, थर्माकोल त्याहून थोडा जास्त तापला की आक्रसतो. लोकरीचं फडकंही तापवा. नुसता पाईप कोरडा करून ओल्या फडक्यानं घासलं तर केलेलं सगळं वाया जातं.

गॅसच्या ज्योतीवर धरू नका. भाजण्याचा आणि पाईप वितळण्याचा धोका आहेच, शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तीच पाईपवर बसते. जुन्या काळी ६० वॅटच्या दिव्याखाली साहित्य ठेवत, तो तारेचा दिवा होता. एलईडी दिव्यानं ते काम होत नाही.

फुगे उन्हात तापवू नका, रबर कमकुवत होऊन फुटतं. त्यांना कोरड्या फडक्यानं पुसा, नव्या फुग्यावर पावडर असते तीही जाते.

दुसऱ्या दिवशी शाळेत दाखवायचं असेल तर साहित्य घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. बुटांच्या आणि पर्सच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घरात जमलेल्या असतात, त्यातल्या आठ-दहा त्यात टाका. पुडी फोडू नका आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका.

७. एकेका प्रयोगाच्या खास अडचणी

भिंतीवरचा फुगा. फुगा गच्च फुगवला की भिंतीला त्याचा फक्त एक ठिपका टेकतो. जरा सैल ठेवा, म्हणजे जास्त भाग टेकेल. जो भाग घासला तोच भिंतीकडे करा. चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तिथून प्रभार निघून जातो. ऑइलपेंटची भिंत, लाकडी दार किंवा रंगवलेलं लोखंडी कपाट घ्या. कपाटावर फुगा छान बसतो, कारण आतल्या धातूत विरुद्ध प्रभार सहज ओढला जातो आणि वरचा रंग गळती अडवतो. आठ वर्षांखालच्या मुलांपाशी फुगा असेल तर मोठं माणूस जवळ हवंच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो.

पाण्याची धार. हा प्रयोग दमट हवेतही बऱ्यापैकी होतो, म्हणून पावसाळ्यात यानंच सुरुवात करावी. तोटी मोकळी सोडून पाणी वाया घालवायची गरज नाही. लिटरच्या बाटलीला तळाजवळ गरम सुईनं भोक पाडा, खाली बादली ठेवा. धार अखंड आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची हवी. जाड धार जड असते, वळत नाही. पाईप धारेपासून दोन सेंटिमीटरवर, धार जिथे बाटलीतून निघते तिथे वरच्या बाजूला न्या, खाली पाण्याला वेग आलेला असतो. पाण्याचा एक थेंब पाईपवर उडाला तरी प्रभार गेला, पाईप पुसून, वाळवून पुन्हा घासावा लागतो.

धार का वळते याचं उत्तर “पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात” असं दिलं जातं. तेवढ्यानं भागत नाही. आपल्या पाण्यात क्षारांचे आयन असतात, पाणी वाहक आहे. ऋण प्रभार असलेला पाईप जवळ आला की धारेत प्रवर्तनानं (म्हणजे स्पर्श न होता, नुसत्या जवळ येण्यानं) धन प्रभार येतो आणि धार ओढली जाते. मुख्य काम त्याचं आहे. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं तर मुलाला हे सांगता यायला हवं.

तरंगणारं कडं. पातळ प्लास्टिकचं दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचं कडं कापून लोकरीनं घासायचं आणि घासलेल्या पाईपवर तरंगत ठेवायचं. तरंगत नसेल तर प्लास्टिक जाड आहे. दुधाची पिशवी चालत नाही. नव्या शर्टावरचं अगदी पातळ कव्हर घ्या. कडं हाताला चिकटत असेल तर झटकन सोडा, त्याच्यावर प्रभार आहे याचीच ती खूण आहे.

बाटलीतला विद्युतदर्शी. इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि तो घालवण्यासारखा आहे, कारण हा एकदा जमला की बाकी सगळ्या साहित्याची तपासणी यानंच करता येते. अब्राहम बेनेट या इंग्रज पाद्र्यानं १७८७ मध्ये सोन्याच्या वर्खाचा विद्युतदर्शी मांडला. आपल्याला काचेची कोरडी बरणी, जाड तांब्याची तार आणि स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. तार झाकणातून आत सोडायची आणि तिच्या आतल्या आकड्यावर फॉइलच्या दोन पट्ट्या लोंबत ठेवायच्या, हीच पानं. प्रभार आला की ती एकमेकांपासून फाकतात.

पानं उघडतच नसतील तर पानं बघा. फॉइलची पट्टी तीन सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद असावी, त्याहून मोठी जड होते. तारेच्या आकड्यावर ती सैल लोंबायला हवी. पट्टीला कागद चिकटलेला असेल तर ती निरुपयोगी. याहून नाजूक हवं असेल तर मिठाईवर लावतात तो वर्ख वापरा. तो फॉइलपेक्षा कितीतरी पातळ असतो आणि लांबून दाखवलेल्या पाईपालाही दाद देतो. मात्र त्याला बोट लावता येत नाही. दोन कागदांच्या मध्ये धरून कागदासकट कात्रीनं कापा आणि श्वास रोखून लावा.

पानं उघडून लगेच मिटत असतील तर आधी एक प्रश्न: पाईप दूर नेल्यावरच मिटतात का? तसं असेल तर तो गुण आहे. पाईप नुसता जवळ आणल्यानं प्रवर्तन झालं, प्रभार आत गेलाच नव्हता. प्रभार आत ठेवायचा असेल तर क्रम असा: पाईप जवळ आणा, तो तसाच ठेवून तारेच्या वरच्या टोकाला क्षणभर बोट लावा, बोट काढा, आणि मग पाईप दूर न्या. शेवटच्या दोन गोष्टी उलट झाल्या तर काहीच उरत नाही. मुलांकडून हाच क्रम उलटा होतो, म्हणून चार पायऱ्या मोठ्यानं म्हणत करायला लावा.

क्रम बरोबर असूनही दोन-तीन सेकंदांत पानं मिटत असतील तर गळती झाकणात आहे. बूच, पुठ्ठा, लाकूड, मऊ चिकणमाती हे सगळे ओलावा धरतात किंवा प्रभार वाहू देतात. झाकणाला मोठं भोक पाडा, तारेवर प्लास्टिकची नळी चढवा आणि भोवती मेणबत्तीचं वितळलेलं मेण मोठ्या माणसानं ओतावं. मेण उत्तम रोधक आहे आणि पाणी धरत नाही. तारेच्या वरच्या टोकाला सुईसारखी टोकं ठेवू नका, टोकावरून प्रभार हवेत निसटतो. तिथे फॉइलचा दोन-अडीच सेंटिमीटरचा गुळगुळीत गोळा बसवा. बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून झाकण लावा. कोरड्या दिवशी पानं मिनिटभर तरी उघडी राहायला हवीत.

आता तपासणी. प्रभारित विद्युतदर्शीच्या गोळ्याला संशयित पाईपाचं किंवा दांड्याचं न घासलेलं टोक टेकवा, दुसरं टोक तुमच्या हातात. पानं मिटली तर त्या वस्तूतून गळती आहे, ती धुवा, वाळवा किंवा बदला. पानं तशीच राहिली तर वस्तू निर्दोष. कोणता दोरा, कोणतं प्लास्टिक चालेल हे अंदाजानं ठरवण्यापेक्षा असं दोन सेकंदांत कळतं.

ठिणगीची ताटली. स्वीडनमध्ये विल्के यांनी १७६२ मध्ये आणि इटलीत व्होल्टा यांनी १७७५ मध्ये पुढे आणलेलं हे साधन. थर्माकोलचा किंवा पीव्हीसीचा सपाट तुकडा लोकरीनं घासायचा, त्यावर रोधक मूठ लावलेली अॅल्युमिनियमची ताटली ठेवायची, ताटलीला बोट लावायचं, बोट काढायचं, मुठीनं ताटली उचलायची आणि दुसरं बोट जवळ न्यायचं. ठिणगी येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा मधलं बोट लावणं राहिलेलं असतं. ते केल्याशिवाय ताटलीवरचा ऋण प्रभार निघून जात नाही आणि उचलल्यावर ताटली होती तशीच राहते. त्यानंतर मूठ तपासा. लाकडी मूठ नको, पाईपाचा तुकडा गरम गोंदानं चिकटवा. ताटलीची कड धारदार असेल तर आत वळवून गुळगुळीत करा.

कोरड्या हवेत एका मिलिमीटरच्या ठिणगीला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे पाच मिलिमीटरची ठिणगी जवळपास १५,००० व्होल्टची. आकडा ऐकून मूल घाबरतं. प्रभाराचं प्रमाण फारच थोडं असल्यानं चिमटा बसल्याइतकंच जाणवतं, हे त्याला आधीच सांगा.

कुठे थांबायचं आणि वायरमन कधी बोलवायचा

पुढच्या गोष्टी घरी करायच्या नाहीत, कितीही सोप्या वाटल्या तरी.

ठिणगी साठवण्यासाठी फॉइल लावलेल्या मोठ्या बरण्या करू नका. अशा बरणीत प्रभार साठत जातो आणि एकदम बसणारा धक्का चिमट्याएवढा राहत नाही. मच्छर मारायच्या बॅटचं सर्किट काढून प्रयोगाला जोडणं, जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण उघडणं हेही नाही. दोन्हींत बंद केल्यावरही प्रभार राहतो, आणि टीव्हीच्या ट्यूबमध्ये तो वीस हजार व्होल्टच्या पुढेही असू शकतो. शाळेत ठिणगीचं मोठं यंत्र असेल तर ते हाताळणं आणि वापरानंतर निष्प्रभार करणं विज्ञानाच्या शिक्षकांचं काम. पेट्रोल, स्पिरिट, गॅस सिलिंडरच्या आसपास कोणताच ठिणगीचा प्रयोग नको.

ढग गडगडायला लागले की उघड्यावरचा, गच्चीवरचा प्रयोग तिथेच थांबवून पक्क्या घरात या. मराठवाड्यात मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरमध्ये विजा पडून माणसं आणि जनावरं जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं “दामिनी” अॅप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या. पतंगाच्या दोरीनं वीज उतरवायचा विचारही मुलाच्या मनात राहू देऊ नका.

आता झिणझिण्यांबद्दल. स्थितिक विजेचा धक्का एकदाच बसतो, “टक्” होतं आणि संपतं. लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही, कारण प्रभार निघून गेलेला असतो. जी वस्तू प्रत्येक वेळी हात लावला की झिणझिणते, पाय ओले असले की जास्त झिणझिणते आणि मेन स्विच बंद केला की थांबते, तिच्या बॉडीला करंट उतरलेला असतो. लोखंडी कूलरच्या बाबतीत दर उन्हाळ्यात यानं माणसं मरतात. मुलांच्या डोक्यात नुकताच स्थितिक विजेचा धडा असतो, त्यामुळे “तो स्टॅटिक आहे” म्हणून ती पुन्हा पुन्हा हात लावून बघण्याची भीती असते. हा फरक त्यांना पहिल्याच दिवशी शिकवा.

असं लक्षण दिसलं तर पुन्हा हात लावून खात्री करू नका. पायात कोरडी चप्पल घालून बोर्डावरचा एमसीबी किंवा मेन बंद करा, मग प्लग काढा, मुलांना लांब ठेवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. कोणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हातानं ओढू नका, आधी मेन बंद करा आणि १०८ ला फोन करा.

वायरमनला तीन गोष्टी तपासायला सांगा. पहिली, त्या वस्तूची अर्थिंगची तार तीन पिनांच्या प्लगपर्यंत खरंच जोडलेली आहे का, की दोन पिनांचा प्लग लावून भागवलंय. दुसरी, घराच्या अर्थिंगचा खड्डा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होतं, नेमकं कूलरच्या मोसमात. खड्ड्यात पाणी घालायची सोय ठेवून घ्या आणि रोध मोजायला सांगा. तिसरी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. नसेल तर बसवून घ्या. बसवला की त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पुरवठा बंद पडला नाही तर तो बदलायला वायरमनला पुन्हा बोलवा.